अळीसाठी सॅलिसिलिक? सल्ला उलटा आहे

माननीय संपादक,

टोमॅटोवर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून सॅलिसिलिक आम्लाची फवारणी सुचवली जाते. भुरी किंवा जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी या सल्ल्याला शास्त्रीय आधार आहे. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी तो उलटा पडू शकतो.

पान कुरतडलं गेलं की झाडात जास्मोनिक आम्ल तयार होतं आणि त्याच्या इशाऱ्यावर प्रोटीनेज रोधक बनतात. ते अळीच्या पोटातली प्रथिनं पचवणारी विकरं (एन्झाइम) अडवतात, त्यामुळे अळी खाते पण वाढत नाही. याच रोधकांवर, विशेषतः मिरचीतल्या, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घाटेअळीच्या (टोमॅटोचं फळ पोखरणारी ती हीच) संदर्भात बरंच काम झालेलं आहे. सॅलिसिलिक आणि जास्मोनिक हे झाडाच्या संरक्षणाचे दोन मार्ग मात्र बहुधा एकमेकांना दाबतात. पांढरी माशी याचाच फायदा उठवते: ती रस शोषताना सॅलिसिलिकचा मार्ग चेतवते आणि स्वतःला त्रासदायक असलेला जास्मोनिक मार्ग मंदावतो. मग अळीच्या हंगामात वरून आपणच सॅलिसिलिक का ओतायचं?

जास्मोनेटचा (जास्मोनिक आम्ल आणि त्याची संयुगं) परिणाम शेतातही दिसलेला आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे टोमॅटोवर जास्मोनिक आम्ल फवारल्यावर परजीवी गांधीलमाश्यांनी (त्या अळीत अंडी घालतात) ग्रासलेल्या अळ्यांचं प्रमाण सुमारे दुप्पट झालं. हे 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. फवारलेलं झाड जो वास सोडतं, त्यावर या माश्या येतात. दर आठ दिवसांनी जहाल कीटकनाशक मारणाऱ्या प्लॉटमध्ये त्या येणार कुठून?

आता प्रमाणाबद्दल, कारण घोळ इथेच होतो. प्रयोगांत साधारण अर्धा ते दीड मिलिमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) द्रावण वापरतात. मिथाइल जास्मोनेटचं एक मिलिमोलर म्हणजे लिटरला 224 मिलिग्रॅम, अर्थात 15 लिटरच्या पंपाला जेमतेम सव्वातीन मिलि. ते तेलकट आहे, पाण्यात थेट टाकलं तर नीट मिसळत नाही. काही झाडांना भरमसाट मिळतं, काहींना काहीच नाही. आधी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून, ट्वीन-20 सारखा पायसीकारक (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घालून मग पाण्यात मिसळावं. सॅलिसिलिकचं एक मिलिमोलर लिटरला 138 मिलिग्रॅम. ‘लिटरला ग्रॅमभर’ म्हणजे सातपट, आणि पानांच्या कडा जळाल्या की दोष उन्हाला दिला जातो.

जास्मोनेट जास्त झालं तर झाडाची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, फळधारणा घटू शकते. संरक्षणासाठी झाड स्वतःच्या अन्नातूनच खर्च करतं. रोधक तयार व्हायला एक-दोन दिवस जातात, म्हणून कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नरांना ओढणाऱ्या) अळीचे पतंग दिसू लागले की फवारणीची वेळ. फळात शिरलेल्या अळीला त्याचा उपयोग नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: जास्मोनेटमुळे टोमॅटोच्या पानातली ऑक्सिडेज विकरं वाढली की एनपीव्ही या अळी मारण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या विषाणूचा परिणाम कमी होऊ शकतो. दोन्ही एकत्र वापरण्याआधी याचा विचार व्हावा.

बाटलीवरचा दावाही वाचायला हवा. जैव उत्तेजकं (पिकाच्या वाढीला चालना देणारी उत्पादनं) 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली, पण कीड नियंत्रणाचा दावा करायचा तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते.

कोणाला चाचणी घ्यायचीच असेल तर दोन ओळी फक्त पाणी, इथेनॉल आणि ट्वीन फवारून ठेवाव्यात, नाहीतर परिणाम कशाचा हे कळणार नाही. आणि मेलेल्या अळ्या मोजू नयेत, त्या फारशा सापडणारच नाहीत. शंभर फळांमागे छिद्रं पडलेली किती, आणि अळ्यांचा आकार दोन्हीकडे किती, हे पाहावं.

— एक पीक संरक्षण सल्लागार, जुन्नर तालुका