बंदीत अडकले ते सत्यच

मणिपूरमधील इंटरनेटबंदीवरील आपला अग्रलेख वाचला. अशांत भागात अशी बंदी अपरिहार्य असते, हे त्यातील मत मात्र पटले नाही. ३ मे २०२३ रोजी खोऱ्यातील मैतेई आणि डोंगरातील कुकी या समाजांत हिंसाचार उसळताच तेथे इंटरनेट बंद झाले, तरीही उत्तर भारतातील एका जुन्या खून प्रकरणातील, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या मृतदेहाचे छायाचित्र मणिपुरी तरुणीचे म्हणून फिरलेच. याउलट ४ मे रोजी महिलांवर झालेल्या अत्याचाराची चित्रफीत देशासमोर आली १९ जुलैला. अफवेला वाट मिळाली, सत्य तेवढे अडीच महिने अडकून पडले.

बंदीला पर्याय आहे. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात दंगली पेटल्या, तेव्हा तेथील काही ब्लॉगलेखक आणि तंत्रज्ञांनी ‘उशाहिदी’ (स्वाहिलीत ‘साक्ष’) हे संकेतस्थळ उभारले. लोकांनी लघुसंदेशाने वा ईमेलने कळवलेली घटना शक्य तेथे पडताळून नकाशावर नोंदवली जाई. मणिपुरातही इंफाळ-दिमापूर महामार्ग कोठे अडला आहे, कोणत्या मदत छावणीत औषधे नाहीत, सकाळपासून फिरणारा संदेश खरा की खोटा, हे मैतेई, थाडौ आणि इतर स्थानिक भाषांत तासाभरात सांगणारी व्यवस्था हवी. (दोन दिवसांनी निघणारे इंग्रजी प्रसिद्धिपत्रक त्या कामाचे नाही.) ती चालवणाऱ्यांत खोरे आणि डोंगर या दोन्हीकडचे पडताळणीकार असावेत, कारण एकाच बाजूच्या माणसांनी केलेल्या खुलाशावर दुसरी बाजू विश्वास ठेवणार नाही.

– एक वाचक