अकरा नावं छापून आली, वेळ राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, आधीच सांगते. कापलंत तरी माझी हरकत नाही, फक्त कुठून कापायचं ते शेवटी लिहिलंय.

मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज रत्नागिरीत, घर एस्टीने तासाभरावर, आणि पुढे पीआरमध्ये म्हणजे जनसंपर्कात जायचं असं ठरवलंय. घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, म्हणजे रिसेप्शनवर बसणार का गो तू? बाबांना वाटलं कुठल्यातरी पुढाऱ्याचं पीएपद आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, बरंच आहे की, तुला बडबड करायला आवडतंच. मी तेव्हा सगळ्यांना हसले होते. पण गेल्या वर्षी एक प्रकार घडला आणि मग वाटलं की या तिघांपेक्षा मला तरी कुठे कळलं होतं हे काम काय आहे ते.

झालं असं, इंटर्नशिपसाठी मी एका संस्थेत जात होते. नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत आणि चूक माझी होती. त्यांचं मोफत नेत्रतपासणी शिबिर होतं, रविवारी, सकाळी ९ ते १. प्रेसनोट लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जुन्या प्रेसनोटांची फाईल काढली आणि त्याच चालीवर लिहायला घेतलं, अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, सल्लागार, ज्यांनी मंडप दिला ते, ज्यांनी पाणी दिलं ते, एकूण अकरा नावं झाली. मग संस्थेची वाटचाल. आणि एकदम खाली, शेवटच्या ओळीत, शिबिराची वेळ, येताना जुना चष्मा आणि आधार कार्ड आणावे, वगैरे. संस्थेतल्या सरांनी वाचलं, छान म्हणाले, दोन नावांच्या आधी श्री. घालायला लावलं आणि नोट पेपरांकडे गेली.

शनिवारी एका पेपरात आली. अकराच्या अकरा नावं होती. शेवटची ओळ नव्हती. जागा कमी पडली असणार, आणि पेपरवाले बातमी खालून कापतात हे मला माहीत होतं हो! पहिल्याच वर्षी उलटा पिरॅमिड शिकवलाय, महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, म्हणजे खालून कितीही कापलं तरी बातमी शिल्लक राहते. परीक्षेत मी त्याची आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क घेतलेत. आणि प्रत्यक्षात लिहायची वेळ आली तेव्हा पिरॅमिड पालथा केला तो केलाच.

रविवारी दीड वाजता आम्ही खुर्च्या गोळा करत होतो, डॉक्टरांची गाडी निघून गेलेली, तेवढ्यात एक आजी आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत घडी घातलेला पेपर. त्यांच्या वाडीवरून सकाळची गाडी चुकली म्हणून पुढच्या गाडीने आल्या होत्या, नातवाने बातमी वाचून दाखवलेली. शिबिर संपलं म्हटल्यावर त्यांनी भांडण नाही केलं, पेपर उघडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "बाय माझे, यात वेळ कुठं लिवलाय तो दाखव तरी." मी खरंच शोधायला लागले, कागदावर बोट फिरवून! नाव, नाव, नाव, नाव. मग त्यांना सरबत दिलं, एका मुलाने बाईकवरून स्टँडवर सोडलं. त्यांचा डोळा नंतर तपासला गेला की नाही मला माहीत नाही, नाव-पत्ता घ्यायचंही सुचलं नाही त्या गडबडीत.

आणि खरी गंमत पुढे आहे. सोमवारी संस्थेत फोन आला. मला वाटलं वेळ छापून आली नाही म्हणून कुणी ओरडणार. तर फोन होता एका सल्लागारांचा, माझं नाव सातव्या नंबरवर कसं गेलं म्हणून.

संपादक महाराज, राग मानू नका, पण तुमच्या आतल्या पानांवरसुद्धा हेच चालतं. "यावेळी व्यासपीठावर" इथून सुरू होऊन "आभार मानले" इथे संपणाऱ्या बातम्या. मी एक दिवस पेन घेऊन बसले आणि अशा बातम्यांतली वाचणाऱ्याच्या कामाची ओळ अधोरेखित करायला लागले. पुष्कळ ठिकाणी पेन उचलावंच लागलं नाही. तुमचाही नाइलाज असेल, ज्यांची नावं तेच जाहिराती देणारे, हे कळतं मला. आणि पुढच्या वर्षी मीच या प्रेसनोटा लिहिणाऱ्यांच्या रांगेत असणार, म्हणून तर हे लिहितेय.

वर्गात आम्हाला आयव्ही ली शिकवतात. अमेरिकेतला माणूस, आधी पत्रकार, मग रेल्वे आणि खाण कंपन्यांचं काम करायला लागला. १९०६ साली अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वेगाडी पाण्यात पडून पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या काळी कंपन्यांची रीत म्हणजे अपघात झाला की तोंड बंद. लीने उलटं केलं, कंपनीतर्फे स्वतःच माहिती लिहून पेपरांना दिली आणि पत्रकारांना जागेवर नेऊन दाखवलं. जगातली पहिली प्रेसनोट म्हणून त्याच कागदाचं नाव घेतात. म्हणजे आमच्या धंद्याचा पहिला कागद वाईट बातमीचा होता! त्यात कुणाचे शुभहस्ते नसणार एवढं मी छातीठोक सांगते. आता हाच ली पुढे १९१४ साली लडलोच्या खाणकामगारांचं हत्याकांड झाल्यावर खाणमालक रॉकफेलरच्या बाजूने पत्रकं काढत बसला, त्यातली काही माहिती चुकीची निघाली आणि लोकांनी त्याला पॉयझन आयव्ही, म्हणजे अंगाला खाज आणणारी एक विषारी वेल, असं नाव ठेवलं. आमच्या नोट्समध्ये हा भाग दोन ओळींत उरकलाय. मला वाटतं याच्यावर एक अख्खं लेक्चर व्हायला हवं, कारण नोकरी लागल्यावर आमची गाठ पहिल्या लीशी पडणार की दुसऱ्या, हे कोण सांगणार.

रेल्वेवरून आठवलं. आपली कोकण रेल्वे दरवर्षी पावसाळी वेळापत्रक काढते. पावसात गाड्या सावकाश चालणार, धो धो कोसळायला लागला तर ताशी ४० च्या वर जायचं नाही, प्रवासाला जास्त वेळ लागणार, हे सगळं आधीच जाहीर. त्यामुळे चाकरमानी कुरकुरतो पण गाडीला दोन तास जास्त धरूनच निघतो. हाच उशीर न सांगता झाला असता तर स्टेशन मास्तरला घेराव पडला असता. माझ्या मते हा पीआरचा उत्तम नमुना आहे. आमच्या पुस्तकात तो नाही. पुस्तकात टायलेनॉल आहे, म्हणजे अमेरिकेतली अंगदुखी-तापावरची गोळी, प्रत्येक पुस्तकात टायलेनॉल असतंच, १९८२, शिकागो, गोळ्यांमध्ये कुणीतरी सायनाईड भरलं, सात माणसं मेली, कंपनीची चूक नसताना तिने ३ कोटींवर बाटल्या बाजारातून परत घेतल्या, लोकांना गोळ्या घेऊ नका म्हणून सांगितलं आणि मग सीलबंद पॅकिंग करून माल परत आणला. पाठ आहे मला.

पण टायलेनॉल मला कळलं ते आमच्या काकांमुळे. काकांची हापूसची बाग आहे, फार मोठी नाही, पेट्या पुण्या-मुंबईच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे जातात. एका वर्षी उन्हाने कहर केला आणि फळात साका निघायला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साका म्हणजे बाहेरून आंबा सोन्यासारखा, देठाजवळ वासही फर्स्टक्लास, आणि कापला की आत पांढरट आंबट गाभा. कापल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे विकणारा सहज हात वर करू शकतो. काकांनी काय केलं, पेट्या पोचायच्या आधीच सगळ्यांना व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला, की यंदा साका निघतोय, तुमच्याही पेटीत निघेल, निघालेल्या फळाचा कापून फोटो पाठवा, तेवढ्याचे पैसे परत. काकू दोन दिवस बोलत नव्हती त्यांच्याशी. ती म्हणे, न विचारता कशाला सांगायचं? फोटो आले, पैसे गेले, बरेच गेले. पुढच्या सीझनला पहिल्या पेट्यांची ऑर्डर त्याच लोकांकडून आली. काकांना मी टायलेनॉलची गोष्ट सांगितली तर म्हणाले, मग त्यात शिकण्यासारखं काय आहे, सांगितलं नाही तर लोक पुढल्या वर्षी देवगडवाल्याकडे जातील ना.

दुसरी आठवण निसर्ग वादळाची. ३ जून २०२०. दापोलीकडे माझी आत्या राहते. वाडीतली निम्मी घरं बिनछपराची, माड-सुपारी आडव्या, लाईट नाही आणि मोबाईलचा टॉवर बंद. म्हणजे आज आम्हाला जे जे शिकवतात, सोशल मीडिया, इन्फ्लुएन्सर, रील, त्यातलं काहीच चालणार नाही अशी परिस्थिती. आत्या सांगते, ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी कुणीतरी खडूने लिहून जायचं. पंचनाम्याला तलाठी कुठल्या वाडीत किती वाजता येणार. पत्रे कुठे मिळणार. बरोबर काय आणायचं, आधार आणि पासबुक. आज काही नाही तर "आज काही नाही" असंही लिहिलेलं असायचं, आणि आत्या म्हणते त्या ओळीचा फार आधार वाटायचा, कारण उगाच चिखलातून ताटकळायला जावं लागायचं नाही. फळ्यावर एकाचंही नाव नव्हतं. कोण लिहायचं ते तिला अजून माहीत नाही.

मला त्या फळ्यासारखं लिहिता यायला हवंय. सोपं नाहीये ते, मी प्रयत्न करून बघितलाय.

करिअरचं म्हणाल तर सगळ्या एजन्स्या मुंबईत. तिथे इंग्रजी फाडफाड हवं, माझं बेताचं आहे, सुधारतेय. पण तिकडून कोकणासाठी जी मराठी पत्रकं येतात ती बघितलीत का तुम्ही? तुमच्याकडे रोज येत असतील. "आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे", "या उपक्रमाच्या माध्यमातून सक्षमीकरणाच्या दिशेने". आमच्या वाडीत कुणी असं बोलायला लागलं तर आधी देवाला नारळ ठेवतील त्याच्यासाठी. आधी इंग्रजी लिहायचं आणि रात्री साडेअकराला कुणाकडून तरी मराठी करून घ्यायचं, असंच होत असणार. आणि हे फक्त क्रीम-पावडरच्या बाबतीत असतं तर सोडून दिलं असतं. आपल्याकडे मोठा प्रकल्प येतो तेव्हा पर्यावरणाची जनसुनावणी होते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही करावा लागतो. मोठा अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत, तो कोण वाचणार, म्हणजे गावाच्या हातात राहतो तो सारांश. तसा एक मी वाचायला घेतला होता. "सागरी परिसंस्थेवरील संभाव्य प्रतिकूल परिणामांचे उपशमन." मी तीनदा वाचलं. मिरकरवाड्याच्या जेट्टीवरच्या माणसाला एवढंच विचारायचं असतं की मासळी राहणार का जाणार, आणि जाळं कुठे टाकता येणार नाही. प्रकल्पाच्या बाजूने की विरोधात हा माझा मुद्दाच नाही इथे, दोन्हीकडची पत्रकं सारखीच न कळणारी असतात. असे सारांश लिहायची नोकरी कुठे मिळते का, कुणाला माहीत असेल तर सांगा. एमपीएससी देऊन जिल्हा माहिती कार्यालयात जावं असंही मनात आहे, माहिती व जनसंपर्क खातं शेवटी लोकांसाठीच काढलेलं आहे, पण जागा निघतात किती आणि फॉर्म भरणारे किती ते विचारू नका.

२१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो, कॉलेजात आम्ही पोस्टर स्पर्धा घेतली होती. पोस्टरवर पाहुण्यांची नावं होती. हॉल नंबर मी नंतर स्केचपेनने लिहिला.

तर आता मूळ काम. त्याच संस्थेचं शिबिर पुढच्या महिन्यात परत आहे आणि मी त्यांना मदत करायला जातेय, इंटर्नशिप संपली तरी, त्या आजींमुळे म्हणा. या वेळी नोटची पहिली ओळ आहे वार, तारीख, वेळ आणि जागा. दुसऱ्या ओळीत येताना काय आणायचं आणि परतीची शेवटची एस्टी किती वाजता. सरांशी यावरून अर्धा तास वाद झाला, शेवटी ते म्हणाले बघू, नावं सगळी येऊ देत म्हणजे झालं. सगळी आहेत, या वेळी तेरा झाली. नोट तुमच्याकडे येईल, जागा कमी पडली तर बिनधास्त खालून कापा. फोन आला तर मी घेते.

आपली,
एक विद्यार्थिनी, रत्नागिरी