सांबऱ्याच्या काकांस, सप्रेम नमस्कार

आदरणीय काका,

हे पत्र खरं तर तुमच्या हातात देता आलं असतं. जिना उतरला की तुमची पडवी. पण तोंडावर आभार मानले की तुम्ही "हां हां, ऱ्हाऊ दे" म्हणून विषय पाण्याच्या मोटारीवर नेता, हे आता मला पाठ झालंय. म्हणून चारचौघांत लिहिते. शिवाय आपल्या सीमाभागातल्या ज्या पोरापोरींच्या डोक्यात विमान घुसलंय आणि घरचे ज्यांना "आधी डी.एड. कर, मग बघू" म्हणून समजावतायत, त्यांनाही तुमच्याविषयी कळावं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर दारात रांग लागेल आणि काकू मला माडीवरून खाली काढतील.

आमच्या खानापूरकडं घरटी एक फौजी, पण बहुतेक सगळे मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्यामुळं लहानपणी ऐकल्या त्या गोष्टी डोंगराच्या, बर्फाच्या आणि बंकरच्या. विमानाची गोष्ट सांगणारे पहिले तुम्ही भेटलात, तेही मी विमान शिकायला निघाले आणि बाबा आणि मी सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळाजवळ, खोली बघायला आलो तेव्हा. पाणी, लाइट, भाडं असं बाबांचं सगळं विचारून झाल्यावर तुम्ही मला एकच विचारलंत, "कुठलं विमान शिकवायलेत? पंख वर की खाली?" सेस्ना 172 म्हटल्यावर म्हणालात, "मग ठीक हाय. पावसात पंखाखाली उभं तरी ऱ्हाता येतंय." बाबांचा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडला.

तुम्ही हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारे. उमेदीची वर्षं मिग-21 च्या पोटाखाली काढलेली. मला वाटलं, आता रोज संध्याकाळी हवाई लढाया ऐकायला मिळणार. निघालं भलतंच. तुमच्या गोष्टीत विमान आकाशात गेलं की गोष्ट थांबायची आणि ते परत उतरलं की पुढं सुरू व्हायची. मधलं तुम्हाला ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक असल्याचा आवही तुम्ही कधी आणला नाहीत.

सकाळी सगळ्यांनी एका ओळीत धावपट्टीवरून चालत जायचं आणि नांगरटीनंतर शेतातले दगड वेचावेत तसे खडे, खिळे, तारेचे तुकडे वेचायचे, हे मी पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलं. मिगचं तोंडच नाकाशी, जमिनीवरचं काहीही आत ओढून घेणार. एक बोल्ट आत गेला की इंजिनाची पाती गेली. मग तो शेपटीचा पॅराशूट. मिग उतरतं तेव्हा ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असतं, नुसत्या ब्रेकनं आवरत नाही, म्हणून शेपटीच्या मुळातून छत्री उघडते. टीव्हीवर ती उघडलेली सगळ्यांनी बघितलीय. ती नंतर कुणी गोळा केली, कुणी वाळवली, कुणी घडी घालून परत डब्यात कोंबली, हे तुम्ही सांगितलंत, आणि सांगताना हातानं हवेत ती घडी घालून दाखवलीत. वैमानिक इजेक्शन सीटवर बसला की सीटच्या सेफ्टी पिना काढायच्या आणि त्या त्याला दाखवायच्या, हेही तसंच, बोटं वर करून.

आणि फॉर्म सातशे, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंदवही. विमान ताब्यात घेण्याआधी वैमानिक त्यावर सही करतो, पण त्याच्या आधी एअरफ्रेमवाल्याची, इंजिनवाल्याची, इलेक्ट्रिकवाल्याची अशा सह्या झालेल्या असतात. "माझी सही बघून तो वर जायचा," तुम्ही म्हणालात. "मग ते परत येईपर्यंत चहा गोड लागायचा नाही बघ." तुमच्या तोंडून भावनेचं वाक्य मी तेवढंच ऐकलंय.

फ्लाइंग स्कूलमध्ये उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून तपासणी करायला शिकवतात. यादी असते, यादीप्रमाणं बघत जायचं. तुम्ही मला विमानतळाच्या आत येऊन शिकवू शकत नव्हता, म्हणून तुमच्या जुन्या चेतक स्कूटरवर शिकवलंत. डोळे मिटायला लावून नट, केबल, स्प्रिंग, टायरची कड चाचपायला लावलीत. "बघू नको. हात लाव. डोळा सवयीचं बघतोय." काकू दारातून म्हणत होत्या, पोरगीला स्कूटर विकायला काढलासा की काय. तेव्हा मलाही जरा हसूच आलं होतं. पण त्यानंतर एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या फळीच्या, बिजागरीवरून माझं बोट फिरायला लागलं. टाकीतून बाटलीत काढलेलं निळसर पेट्रोल उजेडाला धरताना तळाशी पाण्याचा थेंब आहे का, हे मी नीट थांबून बघायला लागले, कारण पाणी जड, ते तळाला जातं आणि इंजिनाला आधी तेच मिळतं. वेग मोजायच्या नळीचं, पिटो ट्यूबचं, तोंडही मी वाकून बघते. कुंभारमाशीला असली भोकं फार आवडतात. तिनं मातीचं घर बांधलं की वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो, आणि ते कळतं धावपट्टीवर पळताना.

रेडिओचं तर विचारूच नका. माझं शिक्षण सगळं मराठी माध्यमात. टॉवरचं इंग्रजी एका दमात यायचं आणि मी परत म्हणेपर्यंत निम्मं हवेत विरून गेलेलं असायचं. तुम्ही पडवीत बसून टॉवर झालात. हातात पेला, समोर चिरमुऱ्यांची ताटली, आणि "विंड झीरो सेव्हन झीरो, एट नॉट्स, क्लियर्ड फॉर टेक-ऑफ." तीनला ट्री, पाचला फाइफ, नऊला नायनर म्हणायचं, ते खरखरीत आवाजातही चुकीचं ऐकू येऊ नये म्हणून, हे कारण सांगितलंत तेव्हा ते जिभेवर बसलं. मधूनच मुद्दाम चुकीची धावपट्टी सांगायचात, मी पकडते का बघायला. शेजारच्या अज्जींनी एकदा कन्नडमध्ये विचारलं, ही दोघं रोज भांडतात कशावरून?

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तो आपण तुमच्याकडं टीव्हीवर बघितला. 1963 पासूनचं विमान. आपल्या ओझरच्या कारखान्यात सहाशेच्या वर बांधलेलं. टीव्हीवाले सारखं "उडती शवपेटी" म्हणत होते आणि तुम्ही आवाज बंद करून टाकलात. मग म्हणालात, पोरं किरण या शिकाऊ जेटवरून उतरायची आणि थेट मिगवर चढायची, मधली पायरीच नव्हती. ती पायरी म्हणजे हॉक. ती आपल्याच बिदरला आली, पण 2008 उजाडल्यावर. तोवर किती पोरं गेली ते मोज आणि मग विमानाला नाव ठेव. काका, मला तुमचं निम्मं पटतं. जुनं झालेलं यंत्र जुनंच असतं, आणि ते इतकी वर्षं ताणायला नको होतं असं मला वाटतं. पण पायऱ्यांचं मात्र डोक्यात राहिलं. बरोबरीची मुलं पुढं गेली म्हणून मी इन्स्ट्रक्टर सरांच्या मागं "मला सोलो द्या", म्हणजे एकटीनं उडू द्या, म्हणून लागले नाही, ते त्या दिवसापासून.

परफॉर्मन्सचा धडा मला नकोसा होता. तक्ते, रेघा, तापमान, वजन. सांबरा समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास, तिथं उन्हाळ्यात हवा आणखी विरळ, म्हणून विमान जास्त पळतं मग उचलतं, हे सगळं वाचून मी विसरायची. तुम्ही गोवामुक्तीचं 1961 सांगितलंत. 18 डिसेंबरची सकाळ. तुम्ही नुकते शाळेत जायला लागलेले, आणि सांबऱ्याहून हंटर विमानं गोव्याकडं निघाली तेव्हा शाळेची कौलं थरथरली. त्यांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन उद्ध्वस्त केलं. पुण्याहून आलेल्या कॅनबेरा बाँबफेक्या विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. ही गोष्ट सांगणारे सगळे इथंच थांबतात. तुम्ही पुढं गेलात: त्या रात्री पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं त्याच फुटक्या धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून अंधारात उडाली आणि कराचीला पोचली. शत्रू असला म्हणून काय झालं, तुमच्या डोळ्यांत कौतुक होतं. "कुणीतरी बसून वजन मोजलं असंल की गं. काय काय खाली ठेवलं असंल!" त्या रात्री मी तक्ते काढून बसले. पट्टी-पेन्सिल घेऊन, तेवढ्या लांबीत आमची सेस्ना भर उन्हाळ्यात किती वजन घेऊन उठेल, ते काढलं. धडा संपला.

मग माझा दिवस. नोव्हेंबरातली सकाळ, वारा पूर्वेचा, धावपट्टी झीरो एट. सरांबरोबर धावपट्टीभोवती उडून फेऱ्या झाल्या, आणि सर म्हणाले, बाजूला घे. ते उतरले. रिकाम्या सीटचा पट्टा त्यांनी स्वतः आवळून बांधला, कारण मोकळा पट्टा कंट्रोलमध्ये अडकू शकतो. दार लावलं, ओढून बघितलं, अंगठा दाखवला आणि पाठ फिरवून चालायला लागले. एका माणसाचं वजन कमी झालं की हे विमान किती लवकर जमीन सोडतं, ते अंगाला तेव्हा कळलं. फेरीची उंची, म्हणजे काट्यावर 3,500 फूट, नेहमीच्या जागेच्या बरीच आधी आली. डाउनविंडला, म्हणजे वारा पाठीशी घेऊन धावपट्टीला समांतर उडताना, समोर बेळगाव, डावीकडं खाली धावपट्टी, तिच्याही पलीकडं लांब राजहंसगड. अशा वेळी मनात काहीतरी थोर आलं असं लिहायला मला आवडलं असतं. आलं ते एवढंच: मिक्स्चर, थ्रॉटल, फ्लॅप दहा. आणि टॉवरनं उतरायची परवानगी दिली तेव्हा क्षणभर वाटलं, आता हे मुद्दाम चुकीची धावपट्टी सांगणार. उतरताना नजर धावपट्टीच्या टोकाला लावायची हे सरांनी शिकवलं, त्याचं श्रेय तुम्हाला देत नाही. तुम्हीही ते घेणार नाही.

पहिल्या सोलोच्या प्रथेप्रमाणं डोक्यावर पाण्याची बादली ओतून घेतल्यावर, ओल्या कपड्यांतच तुम्हाला फोन केला. बाबा फोनवर रडले होते, आई देवापुढं गेली होती. तुम्ही विचारलंत, "टायर बघितलीस काय उतरल्यावर?" बघितला होता काका. "आणि वहीत तुझ्या आधी सह्या कुणाच्या हुत्या?" त्यांची नावं तुम्हाला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी आपल्या बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा, पहिला डबा हँगरमध्ये गेला, ऑफिसात नंतर. मेकॅनिक दादा म्हणाले, सोलोचा कुंदा आमच्याकडं आधी कधी आला नव्हता.

त्या खोलीचं भाडं तुम्ही दोनदा उशिरा घेतलंत आणि तिसऱ्यांदा विसरल्यासारखं केलंत, त्याबद्दलही मनापासून आभार. ते पैसे मी फेडणार आहे, तेव्हा मोटारीचा विषय काढू नका. काकूंना सांगा, उड्डाणाच्या दिवशी पहाटे जिन्यावर ठेवलेल्या भाकरीचा डबा हा माझ्या प्रशिक्षणाचा भाग होता आणि तो बंद होता कामा नये.

आता एक काम तुमच्याकडं. इतकी वर्षं विमानांत घालवून तुम्ही कधी पुढच्या सीटवर बसून उडाला नाहीत. शिकाऊ वैमानिकाला प्रवासी नेता येत नाही, म्हणून परवाना हातात येईपर्यंत थांबावं लागेल. पहिला नंबर तुमचा, बाबांना मी तसं सांगून ठेवलंय. विमानाभोवतीची फेरी तुम्ही मारा, मी मागून येते. फक्त वजन खरं सांगा. काकू वेगळा आकडा सांगतात, तुम्ही वेगळा, आणि मला तो कागदावर लिहून खाली सही करायची आहे.

तुमच्या माडीवरची,
खानापूरची पोरगी