रेल्वेमंत्र्यांना खुलं पत्र: आमच्या कोळसा सायडिंगचे कागद कुणाच्या सहीनं नष्ट झाले?

प्रति,
माननीय रेल्वेमंत्री महोदय,

विषय: विदर्भातल्या वणी-माजरी भागातील जुन्या कोळसा सायडिंगचे नष्ट केलेले अभिलेख आणि तिच्याखालची जमीन

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयाकडून मला उत्तर आलं. "मागितलेला अभिलेख मुदतबाह्य असल्याने नष्ट करण्यात आला आहे, सबब माहिती उपलब्ध नाही." खाली सही आहे, कुणाची ते वाचता येत नाही, आणि सहीवर तिरपा पडलेला गोल शिक्का. मी मागितलं होतं ते एवढंच: आमच्या गावाजवळच्या कोळसा खाणीसाठी जी सायडिंग, म्हणजे मेन लाइनवरून फुटून खाणीपर्यंत जाणारी रुळांची वाट, टाकली गेली तिचा करारनामा, जमिनीचा नकाशा आणि ज्यांच्या शेतांतून ती गेली त्यांची यादी.

हे कागद होते, हे मी ऐकीव सांगत नाही. याच कार्यालयातल्या एका साहेबांनी मला अनुक्रमणिकेचं रजिस्टर उघडून दाखवलं होतं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, नोंद जांभळ्या पेन्सिलीतली, आणि त्या ओळीवर त्यांचं बोट. आमच्या गावाचं नाव मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. "आहे ना मॅडम, खाली रेकॉर्ड रूममध्ये आहे. पावसाळ्यात तिकडे पाणी साचतं, दिवाळी झाली की या, काढून ठेवतो," असं ते म्हणाले. दिवाळी झाली. साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांना ते रजिस्टरही माहीत नाही.

महोदय, मी वडाळ्यात राहते. माहेर वणी-माजरीकडचं. वडील रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ फिरवून देणारे, होते आणि आजी त्याच सायडिंगवर वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, भरायला जायची. ज्या शेतातून ती सायडिंग गेली, ते शेत आजीच्या सासऱ्यांचं होतं. काळी कसदार जमीन, कापसाची. तिचा मोबदला किती मिळाला, मिळाला तरी का, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. पत्र्याच्या पेटीत एक कागद होता, तो घडीवर विरला. म्हणून सरकारकडच्या कागदाचा आधार होता. तोही गेला.

आमच्या भागात रेल्वे माणसांसाठी आली नाही, कोळशासाठी आली. मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली १८७१ साली. मग खाणीतला कोळसा बाहेर काढायला वर्धा ते वरोरा असा सुमारे ४५ मैलांचा फाटा टाकला, तो १८७७ साली सुरू झाला. त्याचं नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे होतं. त्यावर जीआयपीची इंजिनं चालली. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली, पण तोवर लायनीला कोळशाची चटक लागली होती. ती बल्लारपूरकडे सरकली. माजरीहून वणी-राजूरकडे एक फाटा गेला, ताडाळीहून घुग्घुसकडे दुसरा. आणि या फाट्यांना ठिकठिकाणी खाणींच्या सायडिंग फुटल्या. काझीपेठ-बल्लारशाह जोडलं गेल्यावर १९२९ पासून मद्रासच्या गाड्या इथून धावू लागल्या आणि जग म्हणायला लागलं की आम्ही मेन लाइनवर आहोत. गावाला मात्र ठाऊक होतं की इथे आधी वाघीण आली आणि मग डबा आला.

सायडिंग म्हणजे काय, हे दिल्लीत बसलेल्यांना नकाशावरची एक बारीक रेघ वाटत असेल. ती अशी असते. मेन लाइनवरून पॉइंट फिरवून रिकाम्या वाघिणी आत ढकलायच्या. पॉइंट बसला की कुलूप लावायचं, बत्ती दाखवायची. माझे वडील हे काम रात्रपाळीत करायचे. पावसात खटका ओढताना हात सटकला तर बोटं जायची आणि तशी गेलेली माणसं गावात होती. वाघिणी उभ्या राहिल्या की घड्याळ सुरू. ठरल्या वेळेत भरून बाहेर काढल्या नाहीत तर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागायचं, म्हणून मुकादम ओरडत फिरायचा. बायका लुगड्याच्या धडप्याची चुंबळ डोक्यावर ठेवून पाटी उचलायच्या, तिरप्या फळीवरून चढायच्या आणि वाघिणीत उलटी करायच्या. मजुरी वाघिणीमागे. आमच्याकडचा कोळसा ओलसर आणि आपोआप पेटणारा, ढीग पडून राहिला की आतून धुमसायचा. आजीच्या तळपायाला त्याचे चट्टे होते. न्हाणीत तिच्या अंगावरून निघालेलं पाणी शेवटपर्यंत काळं असायचं, आणि केसांचा भांग तर कधी पांढरा झालाच नाही. तिच्या नावाची नोंद कुठल्या हजेरीपटावर असेल तर ती त्या फायलींत असेल, असं मला वाटत होतं.

आता त्या फायलींनी काय काय पाहिलं ते बघा. जीआयपी कंपनीचा कारभार १९२५ साली सरकारनं हातात घेतला, फायली टिकल्या. १९५१ साली मध्य रेल्वे झाली, फायली टिकल्या. १९७३ साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, खाणीचे मालक बदलले, फायली टिकल्या. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबई बुडाली, त्यातूनही त्या वाचल्या असल्या पाहिजेत, कारण ती नोंद मी त्यानंतर पाहिली आहे. इंग्रजांनी नीट लावून ठेवलेला कागद आपल्या स्वतंत्र देशातल्या एका कारकुनानं रद्दीत घातला. माणसाच्या जमिनीचा पुरावा होता तो, महोदय. रद्दी नव्हती.

आणि हे बेकायदा आहे की नाही, ते तुम्ही मला सांगा. सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ सांगतो की ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येणार नाही. १८९२ पूर्वीचा अभिलेख तर, तो फाटून-विरून पार निरुपयोगी झाला आहे असं अभिलेखागाराच्या प्रमुखांचं मत असल्याशिवाय, नष्टच करता येत नाही. मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या सायडिंगची फाइल १८९२ नंतरची असेल, पण ती ज्या मूळ लायनीला जोडली होती तिचे कागद १८७० च्या दशकातले आहेत. ते कुठे आहेत? की तेही "मुदतबाह्य" म्हणून गेले? ज्यानं ही सही केली त्याला हा कायदा माहीत होता का? आणि माहीत नसेल तर त्याला त्या खुर्चीवर बसवलं कुणी?

कागद गेले तसे सायडिंगचे रूळही गेले. गॅसकटर लावून तुकडे केले, ट्रकमध्ये भरले, भंगारात नेले. भाऊ फोनवर सांगत होता, तेव्हा मागे कटरचा आवाज येत होता. खडी तेवढी उरली आहे आणि तिच्यात बाभळी उगवल्या आहेत. मी विचारलं, आता ही जमीन कुणाची? एक कार्यालय म्हणतं, खासगी सायडिंग होती, खाणीला विचारा. खाणीचं कार्यालय म्हणतं, रेल्वेची हद्द आहे, रेल्वेला विचारा. रूळ विकायची वेळ आली तेव्हा मालक लगेच सापडला. जमिनीचं उत्तर द्यायची वेळ आली की मालक हरवतो.

सायडिंग उखडल्यामुळे कोळसा निघायचा थांबला, असं समजू नका. जवळच्या उघड्या खाणीतला कोळसा आता टिपरनं गावातून जातो, दुसऱ्या सायडिंगपर्यंत. ताडपत्री अर्धवट बांधलेली, खड्ड्यात आदळलं की कोळसा रस्त्यावर. भावाला दम्याचा पंप लागला आहे. बोंडं फुटायच्या वेळी कपाशीवर काळी धूळ बसते आणि व्यापारी कापूस हातात घेऊन, बोटाला लागलेला काळा डाग दाखवून भाव पाडतो. हमीभाव कागदावर. सरकारची "फर्स्ट माईल कनेक्टिव्हिटी" नावाची योजना आहे, खाणीपासून रेल्वेपर्यंतची ट्रकवाहतूक बंद करून कोळसा फिरत्या पट्ट्यावरून थेट वाघिणीत टाकायची. योजना चांगली आहे, माझा विरोध नाही. पण मग गावाबाहेरून जाणारी, भराव टाकलेली, मोऱ्या बांधलेली तयार वाट तुम्ही भंगारवाल्याला का दिली? आणि उद्या नवी सायडिंग टाकायला पुन्हा आमचीच उरलेली शेतं मागायला येणार का?

मी मुंबईत राहते म्हणून मला हे जास्त टोचतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २००४ साली युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्या इमारतीचा दगड न् दगड जपता, रात्री रंगीत दिवे सोडता. जपायलाच हवं, तिच्यासमोरून जाताना मलाही अभिमान वाटतो. पण ज्या कंपनीचं ते मुख्यालय होतं तिची इंजिनं आमच्याकडच्या कोळशावर चालली आणि त्या कोळशाच्या वाटेचा एक कागदसुद्धा कुणाला जपावासा वाटला नाही. कमान वारसा आहे आणि पाटी उचलणारी बाई वारसा नाही, हे कुणी ठरवलं?

आजही तेच चालू आहे. २०२३-२४ मध्ये रेल्वेनं दीडशे कोटी टनांहून जास्त माल वाहिला, त्यातला जवळजवळ अर्धा कोळसा. मालवाहतुकीच्या या कमाईतूनच प्रवासी गाड्यांचा तोटा भरून निघतो, हे रेल्वेच दरवर्षी सांगते. म्हणजे मी वडाळ्याहून लोकलनं जाते त्या पासातला वाटा कुठल्यातरी सायडिंगवरची माणसं धूळ खाऊन भरतात. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. तिथून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून आहे, विदर्भात जाळलेल्या कोळशाची वीज मुंबईच्या दाराशी आणून सोडण्यासाठी. पूर्वी आमचा कोळसा वाघिणीतून जायचा, आता तारेतून जातो. राख, धूर आणि दमा तेवढा तिकडेच राहतो. वर लोडशेडिंग झालं तर तेही आधी तिकडेच. कोणताही पक्ष सत्तेवर असो, आमच्या भागाकडून घ्यायचं काय ते या राज्याला आणि या देशाला नेमकं माहीत आहे. द्यायचा विषय निघाला की फाइल सापडत नाही.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मी फोन केला की तिचा पहिला प्रश्न, "बाई, कागद भेटला का वो?" गेल्या आठवड्यात मी तिला खोटं सांगितलं, शोधतायत म्हणून. अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून, पगार कापून घेऊन मी ज्या बाकांवर बसले, तिथे मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, त्याची तक्रार नाही. पण तो कागद खरोखरच नष्ट करायचा होता तर रजिस्टर उघडून मला आशा कशाला लावली? एक झेरॉक्स काढून दिली असती, तर दोन रुपयांत काम झालं असतं.

तेव्हा माझं मागणं सरळ आहे. नष्ट केलेल्या फायलींची यादी जाहीर करा, तारखेसकट आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावासकट. वर्धा-वरोरा-बल्लारशाह पट्ट्यातल्या, माजरी-राजूर आणि ताडाळी-घुग्घुस फाट्यांवरच्या सगळ्या चालू आणि बंद सायडिंगचे जे नकाशे अजून शिल्लक असतील ते आजच्या आज अभिलेखागाराच्या ताब्यात द्या आणि तलाठी कार्यालयात त्यांच्या प्रती लावा, म्हणजे गावकऱ्यांना मुंबई गाठावी लागणार नाही. उखडलेल्या सायडिंगखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे सातबाऱ्यासह लेखी कळवा. ती परत द्यायची नसेल, तर कोणत्या कायद्याखाली देत नाही ते कलमासह लिहा. १८७० चा, १८९४ चा की २०१३ चा, कुठला भूसंपादन कायदा तुम्ही आम्हाला लावणार आहात ते तरी कळू द्या.

उत्तर मराठीत पाठवा, कारण ते मला आईला वाचून दाखवायचं आहे. आणि नष्ट केलेल्या फायलींची यादीच ठेवलेली नसेल, तर तसं जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानं आणि वाचता येईल अशा सहीनं लिहून द्या. पुढची तक्रार मला त्या नावावर करायची आहे.

आपली,
एका पॉइंट्समनची मुलगी
वडाळा, मुंबई