बाळूचं तेवढं तू बघ

प्रिय नंदे,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या मागाहून घाल, आधी हे वाच. माझी शुगर ठीक, गुडघे होते तसेच. बाळूच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा निघालाय. बायोप्सी झाली, रिपोर्टात मॉडरेट डिसप्लेसिया. म्हणजे अजून कॅन्सर नाही, पण त्या वाटेवर आहे.

इथे कुणाशी बोलू? शैलाला नुसतं 'गाठ नाही' एवढंच कळलंय आणि ती नवस फेडून मोकळी झालीय. चुन्याची डबी बघून ज्या पोरीने त्याला सरळ नाही म्हटलं, तिलाच हे सांगण्यात अर्थ आहे. तेव्हा मी तुझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. भावाची बाजू घ्यायची म्हणून, बाकी काही नाही.

डॉक्टरांनी 'आ' करायला सांगितलं. तीन बोटं उभी मावायला हवीत तिथे दोनच मावली. तोंड असं आखडतं ते सुपारीने, म्हणजे तीही चालू आहे, आम्हाला नुसती तंबाखू सांगतो! २०१२ साली गुटखाबंदी झाली तेव्हा हाच छाती काढून म्हणाला होता, 'आपल्याला काय त्याचं, आपण साधं मळून खाणारे.'

आता खरी गंमत ऐक. रक्तात डी व्हिटॅमिन कमी, ११ निघालं. डॉक्टरांनी आठवड्याला एक, साठ हजार युनिटची सॅशे दिली, आठ आठवडे दुधातून. तेवढ्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं, 'डी व्हिटॅमिनने कॅन्सरच्या पेशी मरतात.' झालं. साहेब अकरा वाजता बनियनवर गच्चीत बसतात. परवा सॅशे घेतली तीसुद्धा गालात बार तसाच ठेवून.

चीड येते ती ह्याची, की तो धड खोटंही बोलत नाही. आपण एम.एस्सी.ला शिकलो तेव्हा डी म्हणजे हाडं आणि मुडदूस, विषय संपला. पुढे लॅबमध्ये एका एमडीएसच्या पोरीच्या थिसिससाठी तोंडाच्या बायोप्सीचे सेक्शन मीच कापले आणि व्हीडीआरसाठी, म्हणजे पेशीतल्या डी व्हिटॅमिनच्या रिसेप्टरसाठी, रंगवले. तपकिरी रंग नेमका केंद्रकात उतरतो. डी त्या रिसेप्टरला चिकटलं की तो आरएक्सआर ह्या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी जमवून डीएनएवर बसतो. पी२१सारखी जनुकं चालू होतात, पेशीचं विभाजन मंदावतं, ती शहाण्यासारखी पक्व होते. कुलूपकिल्लीचं तू तेव्हापासून सांगायचीस, तेच. तोंडाच्या साध्या अस्तरात, म्यूकोसात, रंग बेताचा, डिसप्लेसियात चांगला गडद. बऱ्याच जणांना तोंडात असंच दिसलंय. मेलॅनोमात, त्या कातडीच्या कॅन्सरात, उलटं: रोग बळावत जातो तसा रिसेप्टर कमी होत जातो. व्हीडीआर काढून टाकलेल्या उंदरांना अतिनील किरणांखाली ठेवलं तर त्यांना कातडीचे ट्यूमर लवकर होतात.

पण कुलूप आहे म्हणून सॅशेने दार उघडेल हे ह्याला कुणी सांगितलं? अमेरिकेत २५,८७१ माणसांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज २००० युनिट, निम्म्यांना खोटी गोळी, पाचेक वर्षं. २०१८ साली निकाल आला, कॅन्सर होण्याचं प्रमाण काही घटलं नाही. कमतरता आहे तर भरून काढावी, हाडांसाठी तरी. चट्टा त्याने जात नाही. आणि ज्या उन्हाने कातडीत डी तयार होतं तेच ऊन तिथला डीएनए मोडतं. आपल्या सावळ्या कातडीला त्याची भीती कमी, पण हा गच्चीत बसतो ते तोंडातल्या चट्ट्यासाठी! गालाच्या आत ऊन कसं पोचवणार, विचारलं तर म्हणतो, 'तुझं शिक्षण फार झालंय.'

मेलबर्नहून रेवतीचं काय? तीळ दाखवला का? तिकडे ह्या बाबतीत फार दक्ष असतात म्हणे, बरंच आहे. तुझ्या सूनबाईंचं लिहिलं होतंस, सविस्तर उत्तर देईन, आज डोकं नाही. पेन्शनचं काम झालं ना?

तर मुद्दा हा. सर्जन म्हणतात, चट्टा आताच काढून टाकू, तारीख ठरवा, तंबाखू-सुपारी आजपासून बंद. हा म्हणतो, सगळ्या सॅशे संपू देत, मग परत तपासू. आठ आठवडे, नंदे! आणि त्यात एक दिवसही डबी खिशातून गेलेली नाही. मी बोलले की ताई, शैला बोलली की बायको. तू बोललीस तर लाजेल तरी. पन्नाशी उलटून गेली तरी तुझं नाव निघालं की केस सारखे करतो, शैलासुद्धा हसते.

तुला अवघड वाटेल, ठाऊक आहे. तरी कर फोन. रिसेप्टरचं काही काढू नकोस, तो वाद घालत बसेल आणि त्यात आणखी एक आठवडा जाईल. तारीख कुठली घेतलीस, एवढंच विचार. रविवारी अकरानंतर कर, तेव्हा तो गच्चीत एकटा असतो आणि फोन जवळच असतो.

तुझी,
कुंदा