मुरघासाने पोट बिघडते, की चुकीच्या भरणीने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूध संकलन केंद्रावर फॅट कमी लागली, म्हशीने रवंथ सोडला किंवा शेण पातळ झाले की आपल्या खान्देशात हल्ली पहिला ठपका मुरघासावर बसतो. मग आहे तो मुरघास उकिरड्यावर टाकून लोक पुन्हा कोरड्या कडब्यावर येतात. हा राग चुकीच्या जागी निघतो, असे आमचे मत आहे. नीट मुरलेला मुरघास पोट बिघडवत नाही. बिघडवतो तो अर्धवट मुरलेला, उघडल्यावर तापलेला किंवा एका दिवसात गव्हाणीत ओतलेला.

मुरघास म्हणजे हवा बंद करून चारा आंबवणे. कुट्टी घट्ट दाबून झाकली की आत अडकलेली हवा काही तासांत संपते. मग लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू चाऱ्यातल्या साखरेवर वाढतात आणि सामू (पीएच, जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ३.८ ते ४.२ पर्यंत खाली आणतात. तिथे कुजवणाऱ्या जिवाणूंचे काही चालत नाही. पण चाऱ्यात पाणी जास्त राहिले तर क्लॉस्ट्रिडियम गटातले जिवाणू जोर धरतात. तयार झालेले लॅक्टिक आम्ल तेच खातात, त्याचे ब्युटिरिक आम्ल करतात आणि प्रथिनांचा अमोनिया करतात. असा मुरघास हाताला बुळबुळीत लागतो आणि त्याचा उग्र कुबट वास साबणानेही लवकर जात नाही. उलट चारा फार वाळला तर तो दाबला जात नाही, हवा राहते आणि पांढरी-हिरवी बुरशी धरते.

त्यामुळे सगळी मदार कापणीच्या वेळेवर आहे. मक्याचे कणीस मधोमध मोडून दाणा पाहावा. वरचा भाग कडक पिवळा आणि खालचा अजून दुधाळ असतो. त्यामधली रेषा दाण्याच्या निम्म्यावर आली की चाऱ्यात शुष्क भाग, म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग, ३० ते ३५ टक्के असतो, आणि तीच कापणीची वेळ. खात्री करायची तर कुट्टीची मूठ अर्धा मिनिट गच्च आवळून सोडावी. बोटांतून रस गळला तर चारा ओला आहे. गोळा तसाच राहिला तरी थोडे थांबावे. गोळा हळूहळू उमलला आणि तळहात जेमतेम ओलसर झाला तर भरणी सुरू करावी. लगेच भुगा झाला तर उशीर झाला. खरिपाचा मका सप्टेंबरच्या पावसात सापडतो. पानांवर पाणी असताना घाईने भरण्यापेक्षा दोन दिवस उघाडीची वाट पाहिलेली बरी.

कुट्टी दीड-दोन सेंटीमीटरची असावी. पाती बोथट असली की ताटे चिरडतात, कापली जात नाहीत. १५ ते २० सेंटीमीटरचा थर टाकून दाबायचा, मग पुढचा थर. भरणी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत संपवून वर प्लॅस्टिक आणि त्यावर वजन. इथे आपल्याकडची अडचण विजेची. थ्री फेज वीज आठ तास आणि तीही पाळीपाळीने, कधी मध्यरात्री. अर्धा हौद भरून कुट्टीयंत्र बंद पडले की उघडा थर तापायला लागतो, आणि पुढे बुरशी निघते ती नेमकी त्याच थरात. भरणीच्या दिवशी ट्रॅक्टरवर चालणारे कुट्टीयंत्र भाड्याने आणणे महाग वाटते, पण वाया जाणाऱ्या चाऱ्यापेक्षा स्वस्त पडते.

दुसरी अडचण जमिनीची. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. नुसता खड्डा खणून मुरघास भरला तर भेगांतून हवा शिरते आणि पावसाळ्यात बाजूने पाणी झिरपते. काळ्या जमिनीत जमिनीवरचा हौद बांधावा, नाहीतर खड्ड्याला आतून अखंड प्लॅस्टिक लावावे. खोल खड्डा असेल तर भरणीनंतरच्या काही दिवसांत त्यात कुणीही, सालदाराने तर नाहीच, एकट्याने उतरू नये. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र हौदाच्या मापात होते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. पाच दुभती जनावरे, प्रत्येकी २० किलो, म्हणजे रोजची उचल १०० किलो. चांगल्या दाबलेल्या मुरघासाचे एका घनमीटरला साधारण ६०० किलो वजन भरते. दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच हौदाचे तोंड झाले तीन चौरस मीटर. त्यावरून १०० किलो काढले तर थर जेमतेम साडेपाच सेंटीमीटर मागे सरकतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात तो रोज किमान १५ सेंटीमीटर सरकायला हवा, म्हणजे उचल २७० किलो हवी, म्हणजे गोठ्यात तेरा-चौदा दुभती जनावरे हवीत. उचल कमी पडली की उघड्या तोंडातून हवा आत जाते, यीस्ट जागे होते, लॅक्टिक आम्ल खाते, सामू वर चढतो आणि मागोमाग बुरशी येते. हात मनगटापर्यंत आत घालावा. कोमट लागले तर बिघाड सुरू झाला आहे. पाच-सहा जनावरांच्या गोठ्याला ५० किलोच्या हवाबंद पिशव्याच योग्य, रोज दोन फोडाव्यात. पिशव्या सावलीत आणि उंदरांपासून दूर ठेवाव्यात. एक बारीक छिद्र पडले तरी त्याभोवतीचा मुरघास हाताच्या ओंजळीएवढा काळा पडतो. तेवढा काढून उरलेला घालू नये, बुरशीचे विष डोळ्याला दिसणाऱ्या डागापुरते थांबत नाही.

बाजारातल्या कल्चरबद्दल, म्हणजे भरताना चाऱ्यात मिसळायच्या तयार जिवाणूंबद्दल, थोडे. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम सामू लवकर उतरवतो, पण त्याचा मुरघास उघडल्यावर उन्हाळ्यात लवकर तापू शकतो, कारण त्यात ॲसेटिक आम्ल कमी असते. बुकनेरी जातीचे जिवाणू ॲसेटिक आम्ल करून यीस्टला रोखतात, मात्र त्यांना दीड-दोन महिने द्यावे लागतात. मार्च ते जूनमध्ये उघडायच्या मुरघासाला दुसरे किंवा दोन्ही मिळून असलेले घ्यावे. कल्चर नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात कालवू नये, विहिरीचे पाणी घ्यावे आणि त्याच दिवशी संपवावे. मक्यात साखर पुरेशी असते, त्यात गूळ घालणे म्हणजे पैसे घालणे. काही जण ताक शिंपडतात. त्याने नुकसान नाही, पण ताकातले जिवाणू दुधावर पोसलेले, चाऱ्यावर तेवढे काम करतील याची हमी नाही.

गूळ लागतो तो केळीच्या खोडाला. रावेर, यावल, चोपड्यात घड उतरवल्यावर खोडांचे ढीग बांधावर पडतात, म्हणून त्याचाच मुरघास करण्याची हौस होते. खोडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी. नुसते भरले तर खाली रसाचे डबके आणि वर कुजका लगदा. हिशेब असा बसतो की ७३ किलो खोडाच्या तुकड्यांना २७ किलो कोरडी कडबा कुट्टी मिसळली तर शुष्क भाग ३० टक्क्यांच्या आसपास येतो. १०० किलो मिश्रणाला दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडावा. खोडाचे तंतू पात्यांना गुंडाळतात, म्हणून यंत्र मधूनमधून थांबवून साफ करावे. यात प्रथिने नगण्य असतात. पोट भरायला बरा, दूध वाढवायला नाही. औषध फवारलेल्या बागेतली खोडे घेऊ नयेत.

आता पोटाकडे. जनावराचे कोठीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, हीसुद्धा आंबवणीची जागा आहे. तिथल्या एका मिलिलिटर रसात अब्जावधी जिवाणू असतात आणि सामू साधारण ६ ते ७ असतो. कडब्यातला तंतू पचवणारे जिवाणू ॲसेटिक आम्ल देतात, आणि त्यातूनच दुधाची फॅट तयार होते. हे जिवाणू सामू सहाच्या खाली गेला की मंदावतात. लॅक्टिक आम्ल खाणारे जिवाणूही असतात, पण त्यांची संख्या वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून मुरघास पहिल्या दिवशी पाच किलोपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत १५ ते २० किलोंवर न्यावा, आणि तेवढ्या काळात मक्याचा भरडा कमी करावा, कारण मुरघासात दाणा आधीच आहे. तीन-चार किलो लांब कडबा रोज राहू द्यावा. लांब चारा चावताना लाळ सुटते, लाळेत सोडा असतो आणि तो आम्ल झेलतो. भरडा, बारीक मुरघास आणि कडबा बंद, हे तिन्ही एकत्र आले की पोट आम्लधर्मी होते. मग फॅट घटते, जनावर एक दिवस खाते, एक दिवस सोडते, आणि पुढे खूर दुखायला लागतात. तपासणी सोपी आहे. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) मूठ ठेवावी, दोन मिनिटांत कोठीपोटाच्या दोन-तीन लाटा जाणवल्या पाहिजेत. दुपारी बसलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करत असावीत.

आंबट वास आला म्हणजे मुरघासासारखेच झाले, हा समज सरकीच्या ढेपेबाबत महागात पडतो. आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) उन्हात रात्रभर बादलीत भिजवलेली ढेप सकाळी फेसाळते. ती उघड्या हवेत आंबलेली असते, कोणते जिवाणू वाढले यावर कुणाचा ताबा नसतो. उन्हाळ्यात ढेप अर्धा-पाऊण तास भिजवून लगेच घालावी. ढेपेला बुरशी असेल तर भिजवून, धुऊन, आंबवून अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष जात नाही. ते दुधात एम-१ या रूपाने उतरते आणि दूध उकळूनही राहते. अन्नसुरक्षा नियमांनुसार दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. लग्नसराईत उरलेला भात-पोळ्या गव्हाणीत ओतण्याबद्दल तर एवढेच, की त्या रात्री पशुवैद्यकाचा नंबर हाताशी ठेवावा. शेळ्या-मेंढ्यांना बिघडलेला मुरघास अजिबात नको. त्यातल्या लिस्टेरिया जिवाणूने शेळी मान एका बाजूला टाकून गोल फिरते, गाभण असेल तर गाभडते.

शेवटी विक्रीचा प्रश्न. पिशवीतला मुरघास किलोवर विकला जातो आणि त्यात पाणीही किलोवरच विकले जाते. सहा रुपये किलोचा, २५ टक्के शुष्क भागाचा मुरघास घेतला तर शुष्क चारा २४ रुपये किलो पडतो. सात रुपयांचा, पण ३५ टक्क्यांचा घेतला तर २० रुपये. पिशवीवर पीक, भरणीची तारीख, शुष्क भागाचे प्रमाण आणि सामू छापणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे. प्रत्येक संकलन केंद्रावर सामू मोजायच्या कागदी पट्ट्या ठेवाव्यात. मूठभर मुरघास तिप्पट स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवून पट्टी बुडवली की काम होते. मक्याच्या मुरघासाचा सामू साडेचारच्या वर निघाला तर ती पिशवी परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असावा. पशुसंवर्धन विभागाने आणि दूध संघांनी एवढे येत्या रब्बी मक्याच्या कापणीआधी करावे, ही विनंती.

आपले,
पशुआहार विषयात काम करणारे काही वाचक
चोपडा, जि. जळगाव