समांतर विश्वाची बातमी: नेमके कोणते विश्व?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

समांतर विश्वाचा पुरावा सापडल्याची बातमी अधूनमधून वाचनात येते, आणि दर वेळी मला प्रश्न पडतो की बातमीदाराला नेमके कोणते विश्व अभिप्रेत आहे. या एका शब्दाखाली परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या कल्पना सर्रास एकत्र केल्या जातात.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील प्रबंधात मांडलेली कल्पना अणूंच्या सूक्ष्म जगाचे नियम सांगणाऱ्या क्वांटम सिद्धांतातून आली. इलेक्ट्रॉनचा स्पिन हा अंगभूत गुणधर्म मोजला की तो ‘वर’ किंवा ‘खाली’ असा एकच मिळतो, पण मोजणीपूर्वी अशा कणांची अवस्था सांगणाऱ्या श्रोडिंगर यांच्या समीकरणात दोन्ही शक्यता एकत्र नांदत असू शकतात. मोजताक्षणी त्यांतली एक नाहीशी होते असे न मानता, समीकरण जसेच्या तसे लागू ठेवले तर मोजणाराही दोन्ही शाखांत असतो, हे एव्हरेट यांचे धाडसी म्हणणे. या शाखा अवकाशात दूर कुठे वसलेल्या नाहीत. याउलट विश्वशास्त्रज्ञ व्हिलेनकिन आणि लिंडे यांच्या मांडणीतली विश्वे अखंड फुगत राहणाऱ्या अवकाशातल्या बुडबुड्यांसारखी असून, सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षे त्रिज्येच्या आपल्या दृश्य विश्वाच्या पलीकडची आहेत.

हा घोळ मे २०२० मध्ये कळसाला पोहोचला. ‘अनिता’ हा अँटेनांचा संच प्रचंड फुग्याला टांगून अंटार्क्टिकावर सुमारे ३७ किलोमीटर उंचीवर सोडत असत. बर्फात न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला अतिसूक्ष्म कण आदळला की उमटणारे रेडिओ स्पंद तो टिपत असे. २००६ आणि २०१४ च्या उड्डाणांत प्रत्येकी एक संकेत जमिनीतून वर आल्यासारखा दिसला, आणि इतक्या ऊर्जेचा कण एवढी जाड पृथ्वी भेदून येणे कठीण असल्याने तो कोड्यात टाकणारा होता. एवढ्यावरून, काळ उलटा वाहणारे विश्व सापडल्याचे मथळे जगभर झळकले. प्रयोग करणाऱ्यांनी तसा दावा केलेलाच नव्हता.

याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण खरी हकिगत अधिक रंजक आहे. दुसरा बुडबुडा आपल्या विश्वाला कधी आदळला असेल, तर त्याचा वर्तुळाकार ठसा विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या वैश्विक सूक्ष्मलहरींच्या नकाशात उमटावा, या अपेक्षेने या लहरी मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाची निरीक्षणे २०११ मध्ये बारकाईने तपासली गेली. खात्रीचा पुरावा मिळाला नाही. पण असा शोध घेता येतो, हीच केवढी मोठी बातमी!

यापुढे अशा बातमीसोबत सिद्धांत कोणता, प्रत्यक्षात काय मोजले गेले आणि मोजणाऱ्यांचे स्वतःचे म्हणणे काय, हे आवर्जून छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक